पानिपत मोठं की महिदपूर? लढायांचं महत्त्व तोलायची एक पद्धत

इंदूरहून निघून उज्जैन ओलांडलं की पुढे क्षिप्रेच्या काठी महिदपूर लागतं. सकाळी पोहे खाऊन निघालं तर दिवेलागणीच्या आत घरी परतता येतं, इतकं ते जवळ. २१ डिसेंबर १८१७ रोजी तिथे होळकरांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली.

रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी सात-आठ मुलं इतिहास वाचायला जमतात. बहुतेक जण राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करणारे, घरी मराठी बोलणारे आणि पेपर हिंदीत लिहिणारे. पानिपताबद्दल विचारलं तर त्यांना दिवस, तारीख, कोण कुठे पडला, सगळं तोंडपाठ असतं. महिदपूरबद्दल विचारलं तर एक वाक्य येतं: तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली एक लढाई. "काकू, पानिपतापुढे महिदपूर म्हणजे काय हो?" असं त्यातल्या एकीने विचारलं, आणि ते अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं. मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन लढाया शेजारी ठेवून तोलायच्या कशा, हेच आम्ही पुढचे चार रविवार केलं. ती पद्धत इथे मांडते आहे. उदाहरणं आपल्या माळव्यातली आहेत, पण पद्धत कुठल्याही दोन लढायांना लावता येईल.

पहिली पायरी: "महत्त्वाची" हा शब्द फोडा

वहीचं कोरं पान घ्या आणि वर तीन गोष्टी लिहा. महत्त्वाची कोणासाठी? कशाच्या बाबतीत? आणि किती वर्षांपर्यंत? हे न लिहिता सुरुवात केली की वाद कधीच संपत नाही, कारण एक जण पुण्याच्या गादीबद्दल बोलत असतो, दुसरा दिल्लीबद्दल आणि तिसरा आपल्या घराण्याबद्दल.

कुंभेरचा वेढा घ्या. १७५४ साली मराठ्यांनी भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला पडला नाही, शेवटी तडजोड झाली. लष्करी इतिहासात त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा कोणी देणार नाही. पण त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव मारला गेला. मल्हारराव १७६६ साली गेले, नातू मालेराव त्यानंतर वर्षभरात गेला आणि दौलत अहिल्याबाईंच्या हाती आली. खंडेराव जगते तर तीस वर्षांचा तो कारभार झाला असता का? इंदूरच्या माणसासाठी कुंभेर फार मोठं आहे, दिल्लीच्या इतिहासकारासाठी नाही, आणि दोघांचंही बरोबर आहे. "कोणासाठी" हे आधी लिहिलेलं असलं की दोघांना भांडावं लागत नाही.

पानिपताचंही तेच. शिंद्यांच्या घरातले दत्ताजी पानिपताच्या वर्षभर आधी, १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले होते. जनकोजी आणि तुकोजी पानिपतानंतर उरले नाहीत, महादजी जायबंदी होऊन वाचले. होळकरांची मुख्य फळी मात्र मल्हाररावांबरोबर बाहेर पडली. ते रण सोडून गेले की ठरल्याप्रमाणे निघाले, यावर आजही मराठी घरांत आवाज चढतात. इथे तो निकाल लावायचा नाही. एकाच लढाईचं वजन दोन घराण्यांच्या तराजूत वेगळं भरतं, एवढी नोंद वहीत करा आणि पुढे चला.

दुसरी पायरी: दोन्हींची लांबी सारखी करा

ही चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली. पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती सबंध मोहीम: मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांचं परतूडहून निघणं, दिल्ली, कुंजपुरा, यमुनेचा पूर, रसद तुटणं, उपासमार, आणि मग १४ जानेवारी १७६१. महिदपूर म्हटलं की मात्र एक दिवस. दहा महिन्यांची गोष्ट एका दिवसाशी तोलली तर पारडं कुठे झुकणार हे तोलायच्या आधीच ठरलेलं असतं.

म्हणून मोहीम मोहिमेसमोर ठेवा. महिदपूरच्या बाजूला १८१७-१८ ची सबंध मोहीम येते: ५ नोव्हेंबरला खडकी, २६-२७ नोव्हेंबरला नागपूरची सीताबर्डी, २१ डिसेंबरला महिदपूर, १ जानेवारीला कोरेगाव, २० फेब्रुवारीला आष्टी, आणि शेवटी ३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाचं इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन होणं. नाहीतर दिवस दिवसासमोर ठेवा. दोन्ही चालतं. एकाची मोहीम आणि दुसऱ्याचा दिवस, हे चालत नाही.

तिसरी पायरी: तीन नकाशे काढा

लढाईच्या एक वर्ष आधीचा, एक वर्ष नंतरचा आणि पंचवीस वर्षांनंतरचा. सुबक काढायची गरज नाही, अंदाजाने काढलेली रेघ पुरते. कोणाचा अंमल कुठे, महसूल कोण गोळा करतो, फौज कोणाची, एवढंच भरायचं.

पालखेडचे नकाशे काढून पाहा, ही पायरी का हवी ते लगेच कळेल. फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने वैजापूरजवळच्या पालखेडला निजामाला कोंडीत पकडलं. मोठी हातघाई झालीच नाही. निजामाची रसद आणि पाणी तोडलं, आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. रक्त मोजणाऱ्याला इथे मोजायला फारसं काही सापडणार नाही. पण दख्खनची पाठ सुरक्षित झाली म्हणून त्याच वर्षी बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा माळव्यात उतरू शकले. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारच्या पुढे अमझेऱ्याला माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर त्यांच्याशी लढताना मारला गेला. त्यानंतर काही वर्षांतच माळव्याचा महसूल होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात वाटला गेला. आज आपण इंदुरात बसून मराठीत लिहितो-वाचतो, त्याचा धागा अमझेऱ्यापर्यंत जातो. अमझेऱ्याला लढाई पाहायला म्हणून कोणी जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

चौथी पायरी: तहाची कलमं वाचा

सगळ्या पायऱ्यांत मी हिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवावा. रणांगणावर काय झालं याचं वर्णन प्रत्येक बाजू आपापल्या परीने करते. तहात मात्र दोन्ही बाजूंना एकाच कागदावर सही करावी लागते. जिंकणाऱ्याला नेमकं काय हवं होतं आणि हरणाऱ्याकडे नेमकं काय उरलं, हे तिथे कलमवार लिहिलेलं असतं.

यशवंतराव होळकरांचा इंग्रजांशी झालेला तह आणि त्यांच्या मुलाचा तह समोरासमोर ठेवा. मध्ये फक्त बारा वर्षं आहेत.

यशवंतरावांनी १८०४ साली कर्नल मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पळवत नेलं. पुढे डीग आणि फर्रुखाबादला त्यांना हार खावी लागली, पण १८०५ च्या सुरुवातीला भरतपूरच्या तटावर इंग्रज सेनापती लेकचे चार हल्ले फसले. अखेर २४ डिसेंबर १८०५ रोजी बियासच्या काठी राजघाटचा तह झाला. त्यात चंबळेच्या उत्तरेकडचे हक्क सोडावे लागले, त्यातले टोंक-रामपुरा तर इंग्रजांनी थोड्याच दिवसांत परत केले. चंबळेच्या दक्षिणेला इंग्रज ढवळाढवळ करणार नाहीत असं ठरलं. होळकरांच्या दरबारात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, बसला नाही, तैनाती फौज आली नाही.

आता मंदसोरचा तह, ६ जानेवारी १८१८. महिदपूरनंतर अवघ्या सोळा दिवसांनी. होळकरांच्या बाजूने तो तात्या जोग यांनी ठरवला. राजपूत राजांवरचे सगळे हक्क गेले. सातपुड्यातला आणि त्याच्या दक्षिणेकडचा मुलूख, खानदेशासकट, गेला. होळकरांचा जुना साथी अमीरखान याचं टोंक वेगळं मान्य करावं लागलं, गफूरखानाला जावऱ्याची जहागीर तोडून द्यावी लागली, कोट्याच्या जालिमसिंहाला परगणे द्यावे लागले. दुसऱ्या कुठल्याही दरबाराशी इंग्रजांच्या परवानगीवाचून पत्रव्यवहार करायचा नाही. संरक्षण इंग्रज फौजेचं, आणि दरबारात रेसिडेंट.

मुलांना मी सांगितलं की दोन्ही तहांतली क्रियापदं अधोरेखित करा. राजघाटच्या तहात होळकर काही देतात, काही राखतात. मंदसोरच्या तहात ते सोडतात, मान्य करतात, कबूल करतात. तासभर गाळलेल्या त्या घामातून लढाईचं वजन जितकं कळलं, तितकं तोफांची संख्या पाठ करून कधी कळलं नव्हतं.

तह नसेल तेव्हा काय करायचं? पानिपतानंतर लगेच तसा तह नाही. मग पत्रं, महसुलाचे कागद आणि नेमणुका पाहा. आणि कागद कोणाचा आहे हे विसरू नका. माल्कम महिदपूरला लढला, मंदसोरला त्यानेच बोलणी केली आणि पुढे माळव्याचा इतिहासही त्यानेच लिहिला. त्याचं लिहिणं फार उपयोगाचं आहे, पण तो त्या खटल्यातला पक्षकार आहे. घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली बखरही वाचा, फक्त संभाषणं शब्दशः खरी धरू नका.

पाचवी पायरी: परत फिरवता आलं का?

एखाद्या पराभवाचं वजन मोजायचं तर तो किती वर्षांत भरून निघाला हे विचारा. कधीच भरून निघाला नसेल तर तेही लिहा.

पानिपताचा पराभव भयंकर होता. पुण्याला पोचलेल्या पत्रातली मोत्यांची आणि मोहरांची ती सांकेतिक भाषा अजून वाचवत नाही. पाच महिन्यांत, २३ जून १७६१ रोजी, नानासाहेब पेशवे गेले. तरी पुढे काय झालं ते ओळीने लिहा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मल्हाररावांनी मांगरोळला जयपूरच्या फौजेचा पराभव केला. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला माधवरावांनी निजामाला हरवलं. १७७१ साली महादजी दिल्लीत पोचले आणि पुढच्या जानेवारीत मुघल बादशहा शाह आलम त्यांच्या आधाराने आपल्या तख्तावर बसला. दिल्लीपुरतं बोलायचं तर दहा वर्षांत हानी भरून निघाली.

पंजाबपुरतं मात्र ती कधीच भरून निघाली नाही. १७५८ साली राघोबादादा आणि मल्हारराव लाहोरपर्यंत गेले होते. पानिपतानंतर मराठ्यांचा अंमल तिकडे पुन्हा बसला नाही. गेलेली पिढी परत आली नाही, आणि पुण्याचा सरदारांवरचा वचकही पूर्वीसारखा राहिला नाही. म्हणून "पानिपत भरून निघालं" किंवा "पानिपताने सगळं संपलं" ही दोन्ही वाक्यं खोडा. कशाच्या बाबतीत भरून निघालं आणि कशाच्या नाही, ते वेगवेगळं लिहा.

महिदपूरचं काय? मंदसोरला जे गेलं ते परत आलं नाही. होळकरांचं संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत होतं, पण परराष्ट्र व्यवहार करणारं राज्य म्हणून ते ६ जानेवारी १८१८ लाच संपलं. एकशेतीस वर्षांत तो निकाल कोणाला उलटवता आला नाही. १ जुलै १८५७ रोजी सआदतखान आणि त्याच्या साथीदारांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला, रेसिडेंटचं काम पाहणारा ड्युरांड पळाला, पण थोड्याच महिन्यांत घडी पुन्हा पूर्वीसारखी बसली.

सहावी पायरी: लढाईने ठरवलं की ठरलेलं उघड केलं?

इथे एका मुलाने मला अडवलं आणि बरं केलं. तो म्हणाला, "काकू, महिदपूरच्या आधीच सगळं संपलं होतं नं? मग लढाईला कशाला श्रेय द्यायचं?"

हा प्रश्न प्रत्येक लढाईला विचारायचा. महिदपूरच्या आधीचे सहा आठवडे पाहा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, ज्या दिवशी खडकीला पेशव्यांची फौज हरली त्याच दिवशी, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी करार करून हात बांधून घेतले. त्याच महिन्यात अमीरखान टोंकच्या बदल्यात बाजूला झाला. लढाईच्या आदल्या दिवशी होळकरांच्याच सैन्यातल्या गटाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना क्षिप्रेकाठी ठार केलं. गादीवर यशवंतरावांचा मुलगा मल्हारराव, वय सुमारे अकरा वर्षं. अशा अवस्थेत ही फौज उभी राहिली आणि तिच्या तोफखान्याने नदी उतरून येणाऱ्या इंग्रजांचे सुमारे ८०० लोक मारले वा जखमी केले, हे आपण अभिमानाने सांगायला हवं.

तेव्हा महिदपूरने निकाल ठरवला असं म्हणणं कठीण आहे. आधीच झुकलेल्या निकालावर तिथे शिक्का बसला. मग तो झुकला कधी? मागे जात राहा. माझ्या मते वाट पुण्याजवळच्या हडपसरला वळली. एप्रिल १८०१ मध्ये पेशव्याने पुण्यात यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिलं. जुलैमध्ये यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी हरवल्या. ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा मोडल्या. विजय झळझळीत होता. पण पेशवा पळून इंग्रजांकडे गेला आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही करून बसला. पुढच्याच वर्षी असई, दिल्ली, लासवारी इथे शिंद्यांच्या फौजा इंग्रजांकडून हरल्या. जिंकलेली लढाई हरलेल्या लढाईपेक्षा महाग पडू शकते, ते इथे दिसतं. महत्त्व तोलताना जिंकलं-हरलंचा रकाना म्हणून मी शेवटी ठेवते.

परीक्षेत नेहमी येणारी प्लासी-बक्सारची जोडी याच कसोटीवर सुटते. प्लासीला २३ जून १७५७ रोजी कारस्थान आधीच झालं होतं, इंग्रजांची पंचवीसही माणसं मेली नाहीत. बक्सारला २२ ऑक्टोबर १७६४ रोजी खरी झुंज झाली, आणि तिच्यामुळे पुढच्या ऑगस्टमध्ये बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, कायदेशीर कागदावर इंग्रजांना मिळाली. प्लासीने त्यांचा पाय आत आला, बक्सारने खजिन्याची किल्ली हाती आली.

सातवी पायरी: आकडे आणि आठवण वेगळ्या पानावर

मेलेल्यांचे आकडे लिहा, पण महत्त्वाच्या रकान्यात मिसळू नका. त्या माणसांच्या जिवाचं मोल कमी म्हणून नव्हे. पालखेडला जवळजवळ काहीच रक्त न सांडता एवढं बदललं म्हणून.

आठवणीचंही पान वेगळं. "संक्रांत कोसळली", "पानिपत झालं" हे आपण अजून बोलतो, म्हणजे मराठी मनात पानिपताएवढी खोल लढाई दुसरी नाही. हेही एक महत्त्वच आहे आणि मी त्याला दुय्यम मानत नाही. फक्त तो प्रश्न वेगळा: लढाईने काय केलं हा एक, आणि आपण तिचं काय केलं हा दुसरा.

आठवी पायरी: जागेवर जा, आणि आपल्या शहरातही शोधा

महिदपूरला गेलात तर आधी क्षिप्रेचा उतार पाहा. वरच्या काठावर तोफा, खाली पाणी आणि मध्ये उघडी वाळू: कागदावर न उलगडलेलं सगळं दहा मिनिटांत समजतं. पावसाळ्यात जाऊ नका, नदी डिसेंबरात असते तशीच पाहायला हवी.

पण लढाईचे परिणाम रणांगणावर सापडत नाहीत, ते शहरात सापडतात. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर, यशवंतरावांचा शेवटचा मुक्काम भानपुरा. इंदूर राजधानी झालं ते मंदसोरच्या तहानंतर, १८१८ साली. रेसिडेन्सी आली, तिच्या भोवती छावणी आली, त्याच वर्षी महूला माल्कमने लष्करी तळ बसवला. तात्या जोगांनी इथे पेढी आणि व्यापार उभा केला. किबे वाडा त्यांच्याच घराण्याचा. राजवाड्यापासून रेसिडेन्सी कोठीपर्यंत एकदा चालत जा. मधलं अंतर म्हणजे मंदसोरच्या तहाचं शेवटचं कलम आहे असं मला दर वेळी वाटतं.

शेवटची पायरी: निकाल एका परिच्छेदात, अटींसह

गुण देऊ नका. दहापैकी आठ, दहापैकी सहा, असा तक्ता मी पूर्वी फळ्यावर काढत असे. बेरीज झाली की मुलं आकडा लिहून घेत आणि कारणं विसरत. त्याऐवजी चार-पाच वाक्यं लिहा, आणि प्रत्येक वाक्यात "कोणासाठी" किंवा "कशाच्या बाबतीत" यांपैकी एक तरी येऊ द्या. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिने चौथ्या रविवारी हे लिहून आणलं:

"उत्तरेतला मराठ्यांचा विस्तार आणि पेशव्यांचा वचक यांच्या बाबतीत पानिपत जास्त महत्त्वाचं. त्यातली दिल्ली दहा वर्षांत परत मिळाली, पंजाब आणि गेलेली पिढी नाही. होळकरांच्या स्वतंत्र राज्याच्या बाबतीत महिदपूर जास्त महत्त्वाचं, कारण तिथे गेलेलं काहीच परत आलं नाही. मात्र तो निकाल हडपसरनंतरच्या पंधरा वर्षांत तयार झाला होता. इंदूर शहरासाठी पानिपतापेक्षा महिदपूर मोठं. मराठी भाषेसाठी पानिपत."

मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली: "स्वतंत्र राज्याच्या" पुढे "परराष्ट्र व्यवहार करणाऱ्या" असं घाल. पुढच्या रविवारसाठी लाखेरी आणि हडपसर घेतली आहे. एकीत १ जून १७९३ रोजी शिंद्यांनी होळकरांना हरवलं, दुसरीत होळकरांनी शिंद्यांना. दोन्ही घरातल्याच लढाया, म्हणून "कोणासाठी" या रकान्यात इंग्रजांचं नाव पहिल्यांदा लिहून पाहायला सांगितलं आहे.